मार खाणाऱ्याची कला

नव्वदच्या दशकात केबल घरोघरी पोचली आणि तिच्याबरोबर अमेरिकेतली व्यावसायिक रेसलिंगही आली. त्या वेळच्या मुलांनी ट्रम्प कार्डांवरची उंची, वजन, छाती आणि दंडांची मापं तोंडपाठ केली. त्यांच्या नंतरची पिढी हे सामने नेटफ्लिक्सवर बघते आणि जपानमधले सामनेही आवर्जून शोधते. दोन्ही पिढ्यांचं प्रेम खरं आहे, आवड मात्र वेगवेगळी. पुढचा संवाद एका मामाचा आणि त्याच्या भाचीचा आहे. मामाला ब्रेट हार्ट आणि रिकी स्टीमबोट प्रिय, भाचीला केनी ओमेगा, सामी झेन आणि गुंथर. जुनं चांगलं की नवं, असा वाद सुरू झाला आणि वेगळ्याच ठिकाणी पोचला. ते ठिकाण मला मोलाचं वाटतं, म्हणून तो इथे मांडतो आहे.

मामा : एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. निकाल ठरलेला असतो हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. १९८९ साली खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, ती कुस्ती. ही तिच्या पंगतीला बसत नाही आणि बसायचा हट्टही धरत नाही.

भाची : मान्य. तरी लोक विचारतातच, ठरलेलं असतं तर बघतेस कशाला? कोकणात दशावताराला बसलेल्या प्रत्येकाला राक्षस मरणार हे माहीत असतं. म्हणून कोणी घरी जाऊन झोपत नाही.

मामा : मग प्रश्न उरतो रंगवण्याचा. आणि माझी तक्रार तिथेच आहे. आताच्या पोरांना उड्या येतात, रंगवता येत नाही. तो कॅनेडियन डिस्ट्रॉयर बघ. समोरच्याचं डोकं मांड्यांत धरायचं, हवेत कोलांटी घ्यायची आणि त्याला डोक्यावर आपटायचं. एके काळी साधा पाइलड्रायव्हर, म्हणजे कोलांटीशिवाय डोक्यावर आपटणं, बसला की सामना संपायचा. आज त्याच्याहून भयंकर दिसणारा डाव खाऊन माणूस लगेच उठतो आणि धावत जाऊन समोरच्याला लाथ घालतो. त्यालाच काही झालं नाही, तर मी कशाला श्वास रोखून बसू?

भाची : असे सामने आहेत, मलाही ते आवडत नाहीत. पण तू आजचे वाईट सामने आणि तेव्हाचे चांगले सामने शेजारी ठेवतोयस. १९९८-९९ सालातल्या सोमवारच्या ‘रॉ’ या कार्यक्रमाचे अख्खे भाग काढून बघ. दोन-चार मिनिटं मारामारी, मग बाहेरून तिसरा कोणीतरी येणार, खुर्ची, गोंधळ, सामना बाद. आणि बायकांचे सामने? एकमेकींचे कपडे फाडणं हीच स्पर्धा. आठवणीत बरोबर तेवढेच पाच-दहा सामने उरतात जे उरायला लायक होते.

मामा : त्या काळाला मी अभिजात म्हणतच नाही. माझं अभिजात त्याच्या आधीचं. २९ मार्च १९८७, पॉन्टियॅक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३. रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. त्याआधी काही महिने सॅव्हेजने रिंगची घंटा स्टीमबोटच्या गळ्यावर आदळली होती. कथा अशी की त्याच्या स्वरयंत्राला इजा झाली. म्हणजे सामना सुरू होण्याआधीच तुझं लक्ष त्या गळ्याकडे. सॅव्हेज पुन्हा गळाच धरतो, स्टीमबोट तडफडतो आणि प्रत्येक वेळी जुनी जखम ताजी होते. शेवटी सॅव्हेज परत तीच घंटा उचलतो, पण स्टीमबोटचा साथीदार जॉर्ज स्टील त्याला दोरावरून खाली ढकलतो. तो उठून स्टीमबोटला आपटायला जातो, तोच स्टीमबोट त्याची गुंडाळी करतो, एक, दोन, तीन. पंधरा मिनिटांच्या आत सगळं संपतं. एक गळा आणि एक घंटा यांवर उभा राहिलेला सामना.

भाची : तो सामना मीही बघितलाय, पुन्हा पुन्हा. पण त्याची मजा अशी की तो त्याच्या काळातला सर्वांत नवा सामना होता. त्या वेळचे बहुतेक रेसलर रिंगमध्ये उभे राहून, लोकांचा कल बघून, कानात कुजबुजत पुढचा डाव ठरवायचे. सॅव्हेजने मात्र अख्खा सामना आधी कागदावर पायरी-पायरीने लिहिला होता आणि दोघे एकमेकांकडून तो घोकून घ्यायचे. वेग जास्त, खांदे टेकवून दोनच्या मोजणीला सुटण्याचे प्रसंग कितीतरी. तू आजच्या पोरांना म्हणतोस ना, ‘सगळं पाठ करून येतात, नाचल्यासारखे लढतात’? तो रस्ता तुझ्याच लाडक्या सामन्याने पाडला.

मामा : पाठ करण्याला माझा आक्षेप नाही. पाठ काय केलं, याला आहे. सॅव्हेज आणि स्टीमबोटने जे लिहिलं त्यात प्रत्येक घावाचा पुढच्या घावाशी संबंध होता. आणि त्याच रात्रीचा दुसरा सामना घे, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट.

भाची : तो मला कधीच रुचला नाही. किती संथ! दोघांनी मिळून चार डाव टाकले असतील.

मामा : चारच होते म्हणून तर लागले. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो आणि त्याच्या वजनाखाली स्वतःच कोसळतो. आंद्रे त्याच्यावर पडतो, होगन कसाबसा तिसऱ्या मोजणीआधी सुटतो आणि पुढचा बराच वेळ कंबर धरून असतो. त्या क्षणी अख्ख्या स्टेडियमला समजतं की हा डोंगर उचलणं म्हणजे काय. म्हणून शेवटी तो उचलतो तेव्हा लोक वेडे होतात. आता हे बघ की त्या रात्री मोठं काम कोणी केलं. आंद्रेची पाठ शस्त्रक्रियेतून गेलेली होती, कपड्यांच्या आत पट्टा बांधलेला होता. त्याच्या मनात नसतं तर होगनला तो उचलता आलाच नसता. आंद्रेने स्वतःचं दुखणारं शरीर होगनच्या हातात दिलं. होगन मोठा झाला तो आंद्रेमुळे.

भाची : थांब, हे मला महत्त्वाचं वाटतंय. म्हणजे तुझ्या लेखी मारणाऱ्यापेक्षा मार खाणारा मोठा?

मामा : या खेळात, होय. आपल्याकडेही हे होतंच. तुझे पणजोबा मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या बघायला जायचे. दारासिंगने किंग काँगला उचलून गरगर फिरवल्याची आठवण ते आयुष्यभर सांगत राहिले. किंग काँग हा हंगेरीत जन्मलेला, प्रचंड देहाचा माणूस. त्याने आधी आपल्या वजनाची दहशत बसवली, मग ते वजन दारासिंगच्या खांद्यावर सोपवलं. लोकांना दारासिंगची ताकद दिसली आणि ती दाखवायचं काम किंग काँगने केलं. याला आता तुम्ही सेलिंग म्हणता. आज हरवलंय ते हेच.

भाची : हरवलेलं नाही. तू शोधत नाहीस तिथे ते आहे. जपानी रेसलर ओकाडा आणि ओमेगा यांचे चार सामने घे. पहिला ४ जानेवारी २०१७ला टोकियो डोममध्ये, ४६ मिनिटांचा. केनी ओमेगाचा अखेरचा डाव म्हणजे वन-विंग्ड एंजल. समोरच्याला खांद्यांवर बसवायचं आणि तिथून थेट डोक्यावर आणायचं. त्या पहिल्या सामन्यात ओमेगाला तो एकदाही टाकता येत नाही. दर वेळी ओकाडा निसटतो आणि शेवटी ओमेगा हरतो. तू म्हणतोस, आजकाल कोणी काही राखून ठेवत नाही. इथे ४६ मिनिटांत मुख्य डाव राखून ठेवलाय!

मामा : पुढे?

भाची : जूनमध्ये दुसरा सामना. या वेळी डाव बसतो, पण ओकाडाचा पाय कसाबसा दोरावर पोचतो. पूर्ण ६० मिनिटं होऊन बरोबरी. ऑगस्टमध्ये जी-वन स्पर्धेत ओमेगा त्याच डावाने जिंकतो, पण तिथे ओकाडाचा किताब पणाला नसतो. मग ९ जून २०१८, ओसाका. वेळेची मर्यादा नाही, तीनपैकी दोन पाडाव. तासाहून जास्त वेळ चालतं आणि अखेर त्याच डावावर ओमेगा किताब घेतो. एका डावाची गोष्ट जवळजवळ दीड वर्ष चालवली. तुझी घंटा आणि हा डाव यांत फरक काय, सांग.

मामा : रचना एकच आहे, हे मान्य. तरी माझा एक आक्षेप राहतो. साठ मिनिटांत इतके डाव येतात की मधल्या वीस मिनिटांतलं मला काही आठवत नाही. आणि त्या पहिल्या सामन्याला डेव्ह मेल्ट्झर या समीक्षकाने पाचपैकी सहा तारे दिले, शेवटच्याला सात. त्यानंतर जगभरच्या तरुण रेसलरांना वाटायला लागलं की लांबलचक आणि धोकादायक म्हणजे थोर. ओमेगा आणि ओकाडा यांच्याकडे संयम होता. नक्कल करणाऱ्यांनी संयम सोडला आणि लांबी उचलली.

भाची : याबाबतीत मी तुझ्या बाजूने आहे. पण नकलेचं पाप मूळ सामन्याच्या माथी मारू नकोस. आणि अखेरचा डाव खाऊन सुटण्याची सवय जपानमधून किंवा आजच्या पोरांकडून आली नाही. ५ एप्रिल २००९, ह्यूस्टन, अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स. तो तुझ्या पहिल्या पाचांत आहे ना? त्यात दोघेही एकमेकांच्या ठेवणीतल्या डावांतून सुटतात.

मामा : सुटतात, पण सुटणाऱ्याचा आणि मारणाऱ्याचा चेहरा बघ. टूम्बस्टोनमधून शॉन सुटतो तेव्हा अंडरटेकर डोळे फाडून बघतच राहतो. इतक्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर भीती आम्ही कधी पाहिली नव्हती. सुटण्याची किंमत तिथे दिसते. त्या एका चेहऱ्यासाठी मी दहा उड्या सोडून देईन.

भाची : म्हणजे आपण हळूहळू एकाच जागी येतोय. डाव किती, उडी किती उंच, सामना कुठल्या सालचा, यापेक्षा घावाची आठवण शरीराला आणि चेहऱ्याला राहते का, हे महत्त्वाचं.

मामा : अगदी हेच. म्हणून माझ्यासाठी सगळ्यात वर २३ मार्च १९९७चा सामना आहे. रेसलमेनिया १३, शिकागोजवळ. ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. समोरच्याने हार मानेपर्यंत लढायचं, पंच केन शॅमरॉक. ब्रेट सज्जन, ऑस्टिन दुर्जन, असे दोघे रिंगमध्ये येतात. शेवटी ब्रेट शार्पशूटर ही पायांची पकड लावतो, ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहून दातांपर्यंत येतं. तो ओरडतो, धडपडतो, पण हार मानत नाही. शुद्ध हरपते तेव्हा शॅमरॉक सामना थांबवतो. नंतरही ब्रेट मारत राहतो. मग ऑस्टिन कोणाचा आधार न घेता लंगडत निघतो आणि लोक त्याच्या नावाचा गजर करतात. सज्जन जिंकून खलनायक झाला, दुर्जन हरून नायक झाला. भाषण नाही, खुलासा नाही. सगळं शरीराने सांगितलं.

भाची : त्या सामन्यापुढे मीही हात जोडते. आता तू माझ्या एका प्रसंगापुढे जोड. २८ जानेवारी २०२३, सॅन अँटोनियो, रॉयल रंबलची रात्र. सामी झेन महिनोन् महिने रोमन रेन्सच्या घराण्यात आपली जागा मिळवायला झटतोय. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये त्याने केव्हिन ओवेन्सला, आपल्या क्युबेकमधल्या जुन्या मित्राला, दगाही दिलाय. आता ओवेन्सला दोरांना हातकड्या घालून बांधलंय, घराण्याने त्याला बेदम मारलंय. रोमन सामीच्या हातात खुर्ची देतो आणि म्हणतो, तूही मार. सामी बघत राहतो. कधी ओवेन्सकडे, कधी रोमनकडे. आणि खुर्ची रोमनच्या पाठीत बसते. एकच फटका. मग सगळे मिळून सामीला तुडवतात आणि जे उसो, ज्याने सामीला सर्वांत उशिरा भाऊ मानलं होतं, तो हात न उचलता निघून जातो.

मामा : माझी एकच कुरकुर असायची, माइकवर वीस-वीस मिनिटं बोलत बसतात. पण तो प्रसंग मी पाहिलाय. त्या बोलण्याचं व्याज तिथे मिळालं, हे खरं.

भाची : आणि तो एकच फटका पाठीवर होता, डोक्यावर नाही. मामा, तुझ्या काळातली एक गोष्ट मला गिळता येत नाही. जानेवारी १९९९मध्ये मिक फोलीचे हात पाठीमागे हातकड्यांत होते आणि त्याच्या डोक्यावर एकामागून एक खुर्च्या बसत होत्या. हात वर करून डोकं वाचवायची सोयही नाही. त्याच वर्षी २३ मे रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छताजवळून खाली उतरण्याच्या करामतीत पडून गेला आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. डोक्यावर खुर्ची मारायला डब्ल्यूडब्ल्यूईने बंदी घातली ती २०१० साली. ज्या कलेत समोरच्याचं शरीर आपल्या हातात सोपवलेलं असतं, तिथे ते शरीर जपणं हा पहिला नियम हवा.

मामा : यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि घालायचाही नाही. तो नियम जुन्या कारागिरांना ठाऊक होता. ब्रेट हार्ट अभिमानाने सांगतो की त्याने कधी प्रतिस्पर्ध्याला गंभीर इजा केली नाही. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र डोक्यावर बसलेल्या एका लाथेनंतर संपली. १९८०च्या दशकात हे लोक आठवड्यातले बहुतेक दिवस गावोगाव लढायचे. रिंगच्या कापडाखाली पातळसा फोम, त्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंडी तुळया. त्यावर रोज पडायचं. म्हणून तासन्‌तास मान धरून बसणं, हात पिरगळणं. तू ज्याला कंटाळवाणं म्हणतेस तो उद्याच्या गावासाठी शरीर राखायचा शहाणपणा होता. वाट लावली ती टीव्हीवरच्या दोन कंपन्यांच्या सोमवारच्या चढाओढीने.

भाची : आणि आज सामने कमी झाले, म्हणून प्रत्येकात जास्त जोखीम घेतली जाते. तो धोका मला दिसतो. पण एक गोष्ट आजच्या काळाने जुन्याला दिली, जी जुन्याने स्वतःला कधीच दिली नसती. २२ ऑगस्ट २०१५, ब्रुकलिन, साशा बँक्स विरुद्ध बेली. साशा बेलीच्या दुखऱ्या हातावर तुटून पडते. तो हात दोराकडे सरकतो तेव्हा त्यावर पाय देते. तुझी गळ्याची गोष्ट इथे हाताची झाली आणि दोन मुलींनी ती रंगवली. २०१९च्या रेसलमेनियात शेवटचा सामना पहिल्यांदाच बायकांचा झाला, तो एका दिवसात झाला नाही. जपानमध्ये मनामी टोयोटा नव्वदच्या दशकातच डोळे दिपतील असं लढत होती. अमेरिका उशिरा जागी झाली.

मामा : माझ्या भाचीला बघायला तिच्यासारखी कोणीतरी रिंगमध्ये आहे, हे मला जुन्या सगळ्या सामन्यांपेक्षा कमी मोलाचं नाही. मला आजचा कोणी सर्वांत आवडत असेल तर गुंथर. ऑस्ट्रियाचा. मोजके डाव, छातीवर सणसणीत हात आणि घाई नाही. ३ सप्टेंबर २०२२ला कार्डिफमध्ये त्याने आणि शेमसने एकमेकांच्या छात्या लालबुंद केल्या. त्यात मला माझा काळ दिसला.

भाची : आणि इंटरकॉन्टिनेंटल किताब त्याने ६६६ दिवस राखला. हाँकी टाँक मॅनचा तुझ्या काळातला विक्रम मोडला. पण तो राखूनही त्याने ज्याच्यापुढे हार पत्करली तो सामी झेन, एप्रिल २०२४ला. इतके दिवस अजिंक्य राहून शेवटी सामीला मोठं केलं.

मामा : मग गुंथरच्याच हातून १३ डिसेंबर २०२५ला वॉशिंग्टनमध्ये जे झालं, त्यावर तू का चिडलीस? जॉन सीनाचा शेवटचा सामना. सीनाने टॅप केलं, हार मानली. जाणाऱ्याने हरून जायचं हा या धंद्याचा सर्वांत जुना नियम. त्याने पाळला.

भाची : हरायला हवंच होतं, यात वाद नाही. पण ज्याच्या टी-शर्टवर आयुष्यभर ‘हार मानू नका’ लिहिलेलं, त्याने हात आपटून हार मानावी? ऑस्टिनसारखा बेशुद्ध पडला असता तरी गुंथर तेवढाच मोठा झाला असता आणि सीनाही खरा राहिला असता. कसं हरायचं तेही गोष्टीतूनच यायला हवं.

मामा : मला वाटतं, आयुष्यभर न झुकलेल्याने शेवटी झुकणं हेच सर्वांत मोठं देणं. बेशुद्ध पडून हरण्यात स्वतःसाठी थोडं राखून ठेवलेलं असतं. सीनाने काहीच राखलं नाही.

भाची : इथे आपलं जुळणार नाही.

मामा : न जुळू दे. पण वाद कशावर चाललाय ते बघ. कोण जिंकलं यावर नाही, हरणारा कसा हरला यावर. रेसलिंग नीट बघणारा माणूस, कुठल्याही पिढीतला, शेवटी इथेच येतो.

भाची : मग नव्याने बघणाऱ्यांना माझा एकच आग्रह राहील. १९८७चा सामना लावा नाहीतर कालचा. पहिल्या खेपेला उडी मारणाऱ्याला बघा, हरकत नाही. दुसऱ्या खेपेला मात्र नजर खाली पडणाऱ्यावर ठेवा. त्याचा हात कुठे जातो, चालताना कुठला पाय ओढतो, पुढचा घाव येताना डोळ्यांत काय असतं. ते पटलं तर सामना चांगला, साल कुठलंही असो.

मामा : आणि पटलं नाही तर तारे कितीही मिळू देत, तो सामना आपला नव्हे.